हजार कॅथेटर-दिवस

१८६३ साली फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या ‘नोट्स ऑन हॉस्पिटल्स’ या पुस्तकाची तिसरी आवृत्ती निघाली आणि लंडनच्या डॉक्टरमंडळींत गदारोळ उडाला. पुस्तकातल्या एका कोष्टकात लंडनमधल्या २४ रुग्णालयांचा मृत्युदर ९० टक्क्यांच्या वर दाखवला होता. दहा जण आत गेले तर नऊ जण परत येत नाहीत, असाच अर्थ कोणीही लावला असता. हिशेब मूळचा विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाचा. त्यांनी वर्षभरातले मृत्यू अंशात घेतले होते आणि छेदात १८६१च्या जनगणनेच्या एका दिवशी खाटांवर असलेले रुग्ण. टीकाकारांनी वैद्यकीय नियतकालिकांतून दोघांनाही झोडपून काढलं, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. वर्षभरात दाखल झालेले सगळे रुग्ण छेदात घेतले की तोच आकडा कितीतरी खाली येत होता.

त्याआधी तीन वर्षं, १८६०च्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेत, नाइटिंगेल बाईंनी सगळ्या रुग्णालयांसाठी नोंदींचा एकच नमुना मंजूर करून घेतला होता. लंडनच्या काही रुग्णालयांनी तो भरून पाहिला आणि थोड्याच काळात सोडून दिला. बाई वाद हरल्या. पण रुग्णालयामुळेच रुग्णाला होणारं नुकसान मोजायचं तर भागायचं कशाने, हा त्यांनी उभा केलेला प्रश्न जागच्या जागी राहिला. अतिदक्षता विभागात, सेंट्रल लाइनच्या बाबतीत, त्याचं कामचलाऊ उत्तर मिळायला सव्वाशे वर्षं लागली. जगभर सेंट्रल लाइनमधून रक्तात शिरणाऱ्या संसर्गाशी झालेल्या झुंजीचा इतिहास बहुतेकदा साबण, जंतुनाशक आणि चेकलिस्ट यांचा म्हणून सांगितला जातो. आमच्या मते तो मुख्यतः मोजणीचा इतिहास आहे, आणि भारताचं घोडं अडलंय ते याच ठिकाणी.

सेंट्रल लाइन म्हणजे गळ्यातल्या, गळपट्टीच्या हाडाखालच्या किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेतून थेट हृदयाच्या दारापर्यंत नेलेली नळी. १९२९ साली जर्मनीतल्या एबर्सवाल्ड इथे वेर्नर फोर्समान या पंचविशीतल्या डॉक्टरने मूत्रमार्गासाठीची नळी स्वतःच्याच दंडाच्या शिरेतून आत सारली, तशाच अवस्थेत चालत एक्स-रे खोलीत गेला आणि नळीचं टोक हृदयात पोचल्याचं छायाचित्र काढून घेतलं. वरिष्ठांनी कौतुक केलं नाही. नोबेल मिळालं, पण १९५६मध्ये. मधल्या काळात १९५२ साली रोबेर ओबानियाक या फ्रेंच डॉक्टरने गळपट्टीच्या हाडाखालच्या शिरेची वाट दाखवली, १९५३ साली स्वीडनच्या सेल्डिंगरने सुईतून तार आणि तारेवरून नळी सरकवण्याची युक्ती दिली. त्याच सुमारास कोपनहेगनमध्ये पोलिओच्या साथीतून ब्यॉर्न इब्सेनचा पहिला अतिदक्षता विभाग उभा राहिला. साठच्या दशकाअखेर फिलाडेल्फियात स्टॅन्ली डड्रिक यांनी खाऊ न शकणाऱ्या बाळाला केवळ शिरेतून पोसून वाढवता येतं हे सिद्ध केलं. दोन दशकांच्या आत नळी, खोली आणि खुराक, तिन्ही तयार झाले.

जंतूंसाठीही तिन्ही तयार झाले. नळी असेपर्यंत त्वचेची तटबंदी त्या एका जागी उघडी राहते. जंतू नळी टाकताना तिच्या बाहेरच्या अंगाने शिरतात किंवा नंतर, औषध सोडायला दर वेळी टोपण उघडलं जातं तेव्हा, आतल्या अंगाने. नळीच्या पृष्ठभागावर त्यांचा चिकट थर बसला की प्रतिजैविकं तिथे निष्प्रभ ठरतात. मग बहुतेक वेळा नळी काढण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि ज्याला तिची गरज असते त्याच रुग्णाला ते परवडत नसतं.

१९७०-७१मध्ये अमेरिकेतल्या २५ रुग्णालयांत ३७८ रुग्णांच्या रक्तात एकाच प्रकारचे जंतू सापडले. माग काढत गेल्यावर दोष निघाला सलाइनच्या बाटल्यांच्या नव्या झाकणात. तपास करणाऱ्यांत सीडीसी या अमेरिकी सरकारच्या रोगनियंत्रण संस्थेतला डेनिस माकी नावाचा तरुण डॉक्टर होता. हे नाव लक्षात ठेवण्याजोगं आहे. पुढची चाळीस वर्षं या विषयात जिथे वळण आलं तिथे बहुधा हा गृहस्थ उभा दिसतो.

याच सीडीसीने सत्तरच्या दशकात ‘सेनिक’ नावाचा प्रचंड अभ्यास हाती घेतला. अमेरिकेतल्या ३३८ रुग्णालयांचे जुने-नवे केसपेपर उलगडून पाहिले गेले आणि १९८५ साली निष्कर्ष छापून आले. जिथे संसर्गाची नियमित मोजणी होत होती, दर अडीचशे खाटांमागे त्यासाठी एक प्रशिक्षित परिचारिका होती, या कामात रस घेणारा डॉक्टर होता आणि ज्याचे आकडे त्याला परत दाखवले जात होते, तिथे संसर्ग ३२ टक्क्यांनी कमी होता. जिथे यातलं काहीच नव्हतं, तिथे पाच-सहा वर्षांत तो १८ टक्क्यांनी वाढला होता. त्या काळात नवी औषधं आली, नवी यंत्रं आली. त्या गर्दीत एक परिचारिका आणि तिची वही यांनी केलेलं काम फारसं कोणाच्या डोळ्यांत भरलं नाही.

१९८६ साली सीडीसीने अतिदक्षता विभागांसाठी नवा छेद घेतला: दर हजार कॅथेटर-दिवस. रोज ठरावीक वेळी विभागात किती जणांना सेंट्रल लाइन आहे ते मोजायचं, महिन्याची बेरीज करायची आणि संसर्ग त्याने भागायचे. रुग्ण किती आले यावर हा दर अवलंबून नाही, धोक्यात किती दिवस गेले यावर आहे. नुसते ‘गेल्या महिन्यात चार संसर्ग झाले’ असं सांगणं म्हणजे रान किती एकर ते न सांगता पीक किती पोती आलं ते सांगणं. या छेदामुळे मोठं रुग्णालय आणि लहान, गेलं वर्ष आणि हे वर्ष, काही अंशी एका पट्टीवर आले.

इतकं होऊनही संसर्ग हा अतिदक्षता विभागाचा अटळ खर्च मानला जात होता. काय करायचं ते माहीत नव्हतं असं नाही. आयोडीनपेक्षा क्लोरहेक्सिडीन सरस हे माकी यांनी १९९१मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये दाखवलं होतं. रुग्णाला डोक्यापासून पायापर्यंत निर्जंतुक चादरीने झाकून लाइन टाकावी, हेही नव्वदच्या दशकात ठरलं होतं. २००१च्या सुमारास जॉन्स हॉपकिन्समधल्या पीटर प्रोनोव्होस्ट यांनी सिस्टरना डॉक्टरांवर लक्ष ठेवायला सांगितलं, तेव्हा कळलं की एक-तृतीयांशाहून जास्त वेळा डॉक्टर एखादी तरी पायरी गाळतात. यादी होती पाच ओळींची: हात धुवा, पूर्ण आवरण घ्या, त्वचा क्लोरहेक्सिडीनने पुसा, शक्यतो जांघेतून लाइन टाकू नका, गरज संपली की काढा. पण पुढची पायरी जास्त महत्त्वाची होती. डॉक्टरने पायरी गाळली तर सिस्टरने काम थांबवायचं आणि व्यवस्थापनाने तिच्या पाठीशी उभं राहायचं. वैद्यकीय उतरंडीत हे बंडच होतं.

मग मिशिगन. २००३ पासून त्या राज्यातल्या शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांनी हा कार्यक्रम राबवला आणि डिसेंबर २००६मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आकडे आले. हजार कॅथेटर-दिवसांमागे सरासरी ७.७ असलेला दर दीड वर्षात १.४वर आला होता. मध्यक तर २.७ वरून तीन महिन्यांतच शून्यावर. म्हणजे निम्म्याहून अधिक विभागांत त्या तिमाहीत एकही संसर्ग नव्हता. हे आकडे येण्यामागे एक भाग साध्या पुरवठ्याचा होता. काम सुरू झालं तेव्हा क्लोरहेक्सिडीन एक-तृतीयांश विभागांतही मिळत नव्हतं. रुग्णालयांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना महिन्यातून एकदा वॉर्डात आणून बसवलं गेलं, त्यांना हे दिसलं, आणि प्रश्न सुटला. पाच ओळींच्या यादीपेक्षा साहेब वॉर्डात येणं जास्त अवघड असतं, हे आपल्याकडच्या कोणत्याही सिस्टरला समजावून सांगावं लागणार नाही.

ही गोष्ट जगभर पोचवली अतुल गावंडे यांनी, २००७च्या डिसेंबरात ‘न्यू यॉर्कर’मधल्या लेखातून आणि नंतर ‘द चेकलिस्ट मॅनिफेस्टो’ या पुस्तकातून. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या उटीचे, म्हणून मराठी वाचकाला त्यांच्याविषयी आपलेपणा वाटतो. गावंडे यांनी लेखात पुरवठा, अधिकारी, सिस्टरचा अधिकार, सगळं नीट लिहिलं होतं. पण लोकांनी उचलली ती चेकलिस्ट, कारण ती छापता येते. दरम्यान अमेरिकी सरकारच्या एका कार्यालयाने विचित्र आक्षेप काढला: रुग्णांची संमती न घेता ही मोजणी म्हणजे मानवी प्रयोग झाला! काही महिन्यांनी तो मागे घेतला गेला. हात न धुणाऱ्याला कोणाची संमती लागत नव्हती, हात धुतले का ते मोजणाऱ्याला लागत होती.

प्रतिकृती निघाल्या. स्पेनने २००९-१०मध्ये १९२ विभागांत ‘बॅक्टेरिमिया झीरो’ राबवला आणि दर ३.०७ वरून १.१२ वर आणला. इंग्लंडने तर कार्यक्रमाचं नावच ‘मॅचिंग मिशिगन’ ठेवलं. दोनशेहून अधिक विभाग, आणि प्रौढांच्या विभागांतला दर ३.७ वरून १.४८. अभिनंदनाचे ठराव व्हावेत असा आकडा. पण अहवाल लिहिणारे प्रामाणिक निघाले. कार्यक्रम आधी सुरू झालेल्या आणि अजून सुरू न झालेल्या विभागांत फरकच दिसत नव्हता. दर सगळीकडेच उतरत होता. श्रेय कार्यक्रमाचं की आधीपासून चाललेल्या रेट्याचं, हे सांगता येईना.

त्याहून मोलाचं काम मेरी डिक्सन-वुड्स आणि सहकाऱ्यांनी केलं. त्या इंग्लंडमधल्या या विभागांत जाऊन बसल्या आणि आकडा तयार होतो कसा हे पाहिलं. दिसलं ते असं. एका ठिकाणी ताप आला की ब्लड कल्चर जातं, दुसरीकडे क्वचितच. एका ठिकाणी संसर्ग लाइनमुळे की छातीतून, हे सल्लागार डॉक्टर ठरवतात, दुसरीकडे नोंद ठेवणारी सिस्टर एकटीच. व्याख्या कागदावर एक, खाटेपाशी अनेक. मुद्दाम लबाडी फारशी नव्हती. कामाच्या धबडग्यात प्रत्येकाने आपापली सोय लावली होती. पण परिणाम असा की कमी आकडा म्हणजे कमी संसर्ग, हे गृहीत धरता येत नव्हतं. नाइटिंगेल यांचा आकडा छेदामुळे फसला होता, इथे अंश डळमळीत होता.

श्रीमंत देशांच्या या कथेत बाकीचं जग आणलं व्हिक्टर रोझेन्थाल या अर्जेंटिनाच्या डॉक्टरने. त्यांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २००६मध्ये भारतासह आठ विकसनशील देशांतल्या ५५ अतिदक्षता विभागांचे आकडे प्रसिद्ध केले: हजार कॅथेटर-दिवसांमागे १२.५ संसर्ग. पुढच्याच वर्षी भारतातल्या सात शहरांचा वेगळा अहवाल आला, दर ७.९२. सुस्थितीतल्या, स्वतःहून मोजायला तयार झालेल्या रुग्णालयांचे हे आकडे, एवढं ध्यानात ठेवावं.

रोझेन्थाल यांचं दुसरं काम आपल्या जास्त जवळचं. लॅटिन अमेरिकेत सलाइन काचेच्या किंवा ताठ प्लास्टिकच्या बाटलीत येई. ताठ बाटली आपोआप आक्रसत नाही, म्हणून द्रव उतरायला वरून हवा आत जावी लागते, आणि त्यासाठी बाटलीत सुई खुपसतात. खोलीतली हवा थेट सलाइनमध्ये आणि तिथून रक्तात. आपल्याकडच्या वॉर्डात एकदा तरी रात्र काढलेल्या माणसाला ही सुई ओळखीची असेल. मामा बाटली टांगतात, सिस्टर बूड भोसकतात, सलाइन टपटपू लागतं. रोझेन्थाल आणि माकी (हो, तेच) यांनी अर्जेंटिनात ही पद्धत सोडून आपोआप मिटणारी बंद पिशवी वापरून पाहिली, तेव्हा दर ६.५ वरून २.४ वर आला. मेक्सिको, ब्राझील, इटलीतही तोच कल दिसला. मिशिगनच्या पाच ओळींत याचा उल्लेख नाही, कारण मिशिगनमध्ये सुई खुपसावी लागत नव्हती. परदेशी यादी जशीच्या तशी भिंतीवर चिकटवणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं. ज्याच्या वॉर्डात जे चुकतं त्याची ओळ त्याच्या यादीत हवी, आणि काय चुकतं ते मोजल्याशिवाय कळत नाही.

भारतात मोजणीचं गंभीर काम दिल्लीच्या एम्स, आयसीएमआर आणि सीडीसी यांच्या जाळ्यातून सुरू झालं. २०२२मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये त्याचा अहवाल आला: २६ रुग्णालयं, ८९ अतिदक्षता विभाग. नवजात बाळांच्या विभागांत दर हजार लाइन-दिवसांमागे २०च्याही वर होता. सर्वांत जास्त सापडणारा जंतू क्लेबसिएला, आणि त्यातल्या ७२ टक्क्यांवर कार्बापेनेम हे राखीव प्रतिजैविक चालत नव्हतं. अमेरिकेत एखादी लाइन दूषित झाली तर औषधांचं कपाट उघडता येतं. आपल्याकडे ते कपाट जवळजवळ रिकामं आहे. प्रतिबंधाची निकड त्यांच्यापेक्षा आपल्याला जास्त, हा याचा सरळ अर्थ.

आता महाराष्ट्राकडे पाहा. राज्यात तालुक्याच्या गावीही सहा खाटांचा आयसीयू चालतो. समजा त्यात रोज सरासरी तिघांना लाइन आहे. महिन्याचे कॅथेटर-दिवस झाले ९०. संसर्गाचा खरा दर ८, म्हणजे चिंताजनक, धरला तरी महिन्याला अपेक्षित संसर्ग पाऊणसुद्धा नाही. जवळपास निम्मे महिने केवळ योगायोगाने कोरे जातील. दर्शनी भागात ‘या महिन्यात शून्य संसर्ग’ असा फलक लावायला कोणाची हरकत? त्यात ब्लड कल्चरचा खर्च नातेवाइकांच्या बिलात जातो, दाखल होताच दोन भारी प्रतिजैविकं सुरू होतात, आणि कल्चर पाठवलंच तर त्यानंतर. मग जंतू उगवत नाही. न उगवलेला जंतू कोणत्याच वहीत येत नाही. रुग्ण ‘सेप्सिसने’ जातो. याउलट जे रुग्णालय प्रत्येक तापाला आधी कल्चर पाठवतं, रोज लाइन मोजतं, त्याचा दर ८ किंवा १० निघतो आणि शेजारच्या शून्यापुढे ते गुन्हेगार दिसतं. ही उलटी बक्षिसी जोवर चालू आहे तोवर प्रामाणिक मोजणीची अपेक्षा करणं भाबडेपणाचं.

शिक्षेने काय साधतं याचाही दाखला आहे. अमेरिकेत ऑक्टोबर २००८पासून मेडिकेअर या सरकारी विमा योजनेने अशा संसर्गाचे जादा पैसे देणं बंद केलं. सीडीसीच्या अंदाजानुसार तिथल्या अतिदक्षता विभागांतले हे संसर्ग २००१मधल्या ४३ हजारांवरून २००९मध्ये १८ हजारांवर आले होते. उतार मुख्यतः दंडाच्या आधीचा, हे तारखाच सांगतात. पुढे कोविडने तोही किती ठिसूळ होता ते दाखवलं. २०२०च्या शेवटच्या दोन तिमाह्यांत तिथला दर आदल्या वर्षापेक्षा ४६-४७ टक्क्यांनी चढला. नियम बदलले नव्हते. माणसं कमी पडत होती, आणि संसर्गाची वही सांभाळणाऱ्यांना दुसऱ्या कामाला जुंपलं होतं. एका सिस्टरकडे किती रुग्ण यावर लाइनचा संसर्ग ठरतो, हे १९९६पासून छापील आहे. गंभीर रुग्णामागे एक सिस्टर हा आपला कागदी निकष आणि रात्रपाळीतलं वास्तव यांतलं अंतर सर्वांना ठाऊक आहे. त्याच कोविडच्या वर्षी महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या आसवन्यांनी काही आठवड्यांत सॅनिटायझर बनवायला घेतलं. ठरवलं की पुरवठा उभा राहतो. सिस्टर मात्र आसवनीत तयार होत नाहीत.

गैरसोयीचा आकडा ऐकून घेण्याची सवय या राज्याला अगदीच नाही असं नाही. २००१ साली गडचिरोलीच्या ‘सर्च’ने इतर स्वयंसेवी संस्थांच्या साथीने ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल मांडला आणि बालमृत्यूंच्या सरकारी नोंदी प्रत्यक्षापेक्षा किती तोकड्या आहेत ते दाखवलं. आधी आदळआपट झाली. मग सरकारनेच डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ती मोजणी झोपडीझोपडीत जाऊन करावी लागली होती. अतिदक्षता विभागातली तर खाटेच्या पायथ्याशी, पाच मिनिटांत होते.

म्हणून मागणी मोठी नाही. राज्यातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांपासून सुरुवात करावी. मानांकन मिळवलेली खासगी रुग्णालयं हे आकडे आजही गोळा करतात, पण रुग्णाला ते दिसत नाहीत. त्यांनाही यात ओढावं. दर तिमाहीला प्रत्येक विभागाचे चार आकडे एका ओळीत जाहीर व्हावेत: हजार कॅथेटर-दिवसांमागे संसर्ग, एकूण कॅथेटर-दिवस, हजार रुग्ण-दिवसांमागे पाठवलेली ब्लड कल्चर, आणि रात्रपाळीत एका सिस्टरमागे रुग्ण. पहिला आकडा एकटा छापण्याची परवानगी कोणालाच नसावी. कल्चर नगण्य आणि संसर्ग शून्य, अशी ओळ दिसली की वाचणाऱ्याने काय समजायचं ते समजेल. पहिली दोन वर्षं या आकड्यांवरून दंड नको, पुरस्कार नको, क्रमवारी तर नकोच. लाइनच्या संसर्गाच्या तपासासाठी केलेल्या ब्लड कल्चरचा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या पॅकेजमध्ये वेगळा दाखवून भरून द्यावा, नाहीतर चारांतला तिसरा आकडा रकान्यात येणारच नाही. आणि ताठ बाटली बंद करून आक्रसणारी पिशवी घेण्याची अट शासकीय खरेदीच्या पुढच्याच निविदेत घालता येईल. तिला समिती लागत नाही.